घरचं खाऊन

माझं पहिलं मानधन मी माझ्याच हातानं व्हाउचरवर लिहिलं. ऑगस्ट २०१४, रुपये १५००. 'कोणास दिले' याच्यापुढे माझं नाव घातलं आणि 'कशाबद्दल' याच्यापुढे पेन अडलं. मी काम करत होते त्या सामाजिक संस्थेच्या त्या वर्षीच्या एकाही प्रकल्पात माझ्यासारखीसाठी खर्चाचं खातं नव्हतं. पलीकडच्या टेबलावरून ऑफिसातले काका म्हणाले, "प्रवास लिही."

"काका, मी सायकलवर येते."

"मग तो काय प्रवास नव्हे?"

म्हणजे या क्षेत्रातली माझी पहिली कमाई कागदोपत्री प्रवासखर्च म्हणून नोंदलेली आहे. अकरा वर्षं झाली. आता व्हाउचरं दुसरी मुलं लिहितात, सही मी करते. अधूनमधून कॉलेजांतून बोलावणं येतं. फळ्यावर रंगीत खडूनं 'सामाजिक क्षेत्रातील करिअरच्या संधी' असं लिहिलेलं असतं, हातात गुलाबाचं फूल देतात. मुलं विचारतात, प्रेरणा कुठून मिळाली? पैशाचं कुणी विचारत नाही. कार्यक्रम उरकतो, प्राध्यापक चहाला वळतात, आणि मग जिन्यात एखादी मुलगी गाठते. आधी इकडचं तिकडचं बोलते, ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं. मग आवाज खाली आणून म्हणते, "ताई, यात पगार असतो का?"

सभागृहातलं माझं बोलणं आता बरंचसं पाठ झालंय. जिन्यात मात्र दर वेळी अडतं.

मी मूळची बार्शीची. वडील एसटीत कंडक्टर, आई ब्लाउज शिवायची. बारावीनंतर पुण्याला बी.कॉम.ला आले ते समाजासाठी वगैरे नाही. सीए व्हायचं होतं. कॉलेजात 'कमवा व शिका' योजनेत होते. ग्रंथालयात रोज तीन तास पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवायचे, फाटकी पानं सांधायची. तासाचा दर ठरलेला, महिनाअखेरीला हजेरीपट बघून पैसे. त्यात खानावळीचं निम्मं बिल भागायचं, उरलेलं वडील पाठवायचे. दर फार नव्हता, पण दर होता. हे मला तेव्हा विशेष वाटलं नाही, नंतर वाटलं.

राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलं ते दहा गुणांसाठी. कुणी कितीही काही म्हणो, आमच्या तुकडीतली निम्मी मुलं त्या दहा गुणांसाठीच होती, आणि त्यात वाईट काय ते मला अजून कळलेलं नाही. १९६९ साली, गांधीशताब्दीच्या वर्षी, ही योजना सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे मिळून २४०, आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर. आमचं शिबिर डिसेंबरात एका खेड्यात झालं. शोषखड्डे खणायचे होते. तिसऱ्या दिवशी गावातल्या एका म्हाताऱ्यानं दाखवलं की आम्ही जिथं खणतोय त्याच्या हातभर पलीकडे मागच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजनं खणलेला खड्डा होता. तो आता बुजला होता. म्हातारा म्हणाला, "खणा खणा. पोरं येतात तेवढंच गाव गजबजतं."

पाचव्या दिवशी संध्याकाळी पुण्यातल्या एका संस्थेच्या ताई बोलायला आल्या. वस्त्यांमधल्या मुलांसाठी अभ्यासवर्ग चालवणारी ती छोटी संस्था. ताई चांगलं बोलल्या, पण मला आठवतो तो शेवट. "मुलांना शिकवायला खूप जण येतात," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे हिशेब बघायला कुणी येत नाही." आमच्यातल्या चौदा-पंधरा जणांनी शिकवायला हात वर केले. हिशेबासाठी मी एकटीनं. तो हात सेवाभावानं वर गेला नव्हता. जर्नल एंट्री मला येत होती आणि लहान मुलांसमोर गाणी म्हणायला लाज वाटत होती, इतकंच.

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात दोन खोल्या, असं ते ऑफिस. लोखंडी कपाट, बॉक्स फायली, कोपऱ्यात चार्टपेपरच्या गुंडाळ्या आणि तुटके रंगीत खडू. काका बँकेतून निवृत्त झालेले, आठवड्यातले तीन दिवस यायचे. त्यांनी मला जे शिकवलं ते एकाही वर्गात शिकवलं गेलं नाही. महाराष्ट्रात बहुतेक संस्थांची नोंदणी दुहेरी असते: १८६०च्या कायद्याखाली सोसायटी म्हणून आणि १९५०च्या कायद्याखाली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून. लेटरहेडवर म्हणूनच दोन नंबर. वर्षाचा ताळेबंद अनुसूची आठमध्ये, उत्पन्न-खर्च अनुसूची नऊमध्ये, आणि हे सगळं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. विश्वस्त बदलला की तिथं बदल अर्ज, आणि तो मंजूर होईपर्यंत धीर. मार्च उजाडला की ८०-जीच्या, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणाऱ्या, पावत्यांसाठी फोनांवर फोन. वर्षभर संस्थेचं नाव न काढणारे देणगीदार त्या एका महिन्यात तीनतीनदा आठवण करून देत. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प. काका ते पाकिटात जपून ठेवत, एखाद्याच्या गळ्यातल्या ताईतासारखं.

समाजकार्य मला कळलं ते व्हाउचरांतून. पावसाळ्यात छत्र्यांचं बिल येई आणि कळे की एका वस्तीतल्या वर्गाला छप्परच नाही. 'वडापाव ४०' अशी पावती आली की त्या दिवशी मुलांना कुठंतरी नेलं होतं. रिक्षाचं बिल रात्री अकराचं असेल तर काका ते बाजूला ठेवायचे आणि कार्यकर्तीला फोन करायचे. हिशेबासाठी नव्हे, काय झालं होतं ते विचारायला. बहुतेकदा कुणाचं तरी बाळंतपण असायचं, नाहीतर कुणाला तरी नवऱ्यानं मारून घराबाहेर काढलेलं असायचं. त्या रिक्षाला प्रकल्पात खातं नसायचं. कार्यकर्तीनं पदरमोड केलेली असायची आणि बिल लाजत लाजत, आठवडाभरानं दिलेलं असायचं.

पदरमोड. हा शब्द मी त्या ऑफिसात जितका ऐकला तितका कुठंच नाही. आणि तो नेहमी कौतुकानं उच्चारला जायचा.

२०१४च्या ऑक्टोबरात 'असर'च्या पाहणीसाठी आम्हा काही जणांना भोर तालुक्यातलं एक गाव मिळालं. 'प्रथम' संस्थेनं २००५पासून सुरू केलेली ही पाहणी. ग्रामीण भागातल्या मुलांना वाचता येतं का, साधी वजाबाकी-भागाकार येतो का, हे ती घरी जाऊन तपासते, शाळेत नाही. पद्धत मला फार आवडली होती. आधी गावकऱ्यांना विचारत विचारत गावाचा नकाशा काढायचा, त्याचे चार भाग करायचे, प्रत्येक भागात दर पाचवं घर घेत पाच घरं गाठायची. वीस घरं झाली की गाव झालं. शनिवार-रविवारी जायचं, म्हणजे मुलं घरी सापडतात. वाचनाच्या कागदावर चार पायऱ्या असतात: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करायची. जमलं तर गोष्ट, अडलं तर शब्द, तिथंही अडलं तर अक्षरं. मुलाला नापास झाल्यासारखं वाटू द्यायचं नाही, हे प्रशिक्षणात पुनःपुन्हा सांगितलं होतं.

तिसऱ्या भागातल्या चौथ्या घरी पाचवीतली एक मुलगी होती. परिच्छेदाच्या पहिल्याच ओळीला तिनं बोट ठेवलं आणि ते तिथंच राहिलं. मी शब्दांवर आले. तिनं दोन वाचले, तिसऱ्याचा अंदाज केला, चौथ्याला माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्या वर्षी देशभरच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी निम्म्याहून कमी निघाली. पण हे मी पुढं अहवालात वाचलं. ओसरीवर बसले होते तेव्हा फक्त ते बोट दिसत होतं. आणि एक खूण करायची होती, 'अक्षर' की 'शब्द'.

तिची आई चुलीपुढं होती. भाकरी थापता थापता सगळं ऐकत होती. मी कागद आवरायला लागले तशी तिनं विचारलं, "तुमास्नी याचं काय मिळतं गं?"

प्रवासाचे आणि जेवणाचे पैसे मिळणार होते. संस्थेतले १५०० चालू झाले होते. यातलं काहीच तोंडातून निघालं नाही. मी म्हटलं, "काही नाही मावशी, असंच. सेवा म्हणून."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि म्हणाली, "मग बरं हाय म्हणायचं घरचं तुमचं."

त्यात टोमणा नव्हता. तिनं सरळ हिशेब केला होता: जी पोर पैसे न घेता दोन दिवस गावोगाव हिंडते तिच्या घरी खायला असणार. आणि माझं घरचं बरं नव्हतं. तिच्यापुढं मी खोटं बोलले होते ते पैशाबद्दल, पण तिला जे समजलं ते माझ्या घराबद्दल होतं. एसटीत बसून पुण्याला येईपर्यंत मी कंडक्टरच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

दिवाळीत घरी गेल्यावर आईला सांगितलं की सीएचं राहू दे, मला संस्थेतच काम करायचंय. आई शिलाई मशीनवर होती. पायडल थांबवलं नाही. "म्हंजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या," एवढंच म्हणाली. ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यातला पहिला भाग कानात घुसला. भाकऱ्या लष्कराच्या हे दुय्यम. 'घरचं' कोण पुरवणार, हा खरा प्रश्न.

पुण्यात हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना आहे. आगरकरांचं आईला लिहिलेलं पत्र मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं: मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील अशी आस धरू नकोस, मी पोटापुरत्या पैशावर समाधान मानणार आणि बाकी वेळ लोकांसाठी घालवणार, अशा आशयाचं. शाळेत ते वाचताना अंगावर काटा आला होता. पण 'पोटापुरतं' म्हणजे नेमकं किती, यावरून त्याच मंडळींत पुढं केवढी जुंपली हे शाळेत कुणी सांगितलं नाही. टिळक-आगरकरांच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत शिकवणाऱ्या आजीव सदस्यांचं वेतन किती असावं, त्यांनी बाहेरून काही मिळवावं की नाही, यावरून वाद पेटला आणि १८९०मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. कारणं आणखीही होती; माणसं मोठी असली की कारणं एकेकटी येत नाहीत. पण पैसा हे त्यातलं लहान कारण नव्हतं. गोखल्यांनी त्याच संस्थेत महिना ७५ रुपयांवर वीस वर्षं काढली. म्हणजे त्या जमान्यातल्या त्यागालासुद्धा आकडा होता, तो कागदावर होता, आणि त्यावर लोक भांडले होते. मला हे वाचून फार बरं वाटलं. टिळकांना आणि आगरकरांना ज्या विषयावर तोंड उघडायची लाज वाटली नाही, त्यावर मी ताईंशी बोलायला सात महिने घेतले होते.

आगरकर गेले तेव्हा उशाशी स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे पुरचुंडीत बांधून ठेवलेले सापडले, असं सांगतात. ही गोष्टही आपण कौतुकानं सांगतो आणि त्या पुरचुंडीपाशी थांबतो. दुसऱ्या दिवशी त्या घरात काय शिजलं, हे गोष्टीत नसतं. कर्मवीरांच्या वसतिगृहातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. अण्णा कर्वे हाती येईल ते संस्थेला देत गेले आणि घरातली तोंडमिळवणी बायांना करावी लागली. आपल्याकडच्या मोठ्या संस्थांच्या मागचं जमाखर्चाचं पान उलटून बघितलं की तिथं बहुतेकदा एक बाई दिसते. तिची पावती कुणी फाडलेली नसते.

अर्थात १५०० रुपयांच्या व्हाउचरपुढे बसून मी हा सगळा विचार केला नव्हता. तो नंतरचा.

माझ्या वर्गातल्या तिघी सीएच्या आर्टिकलशिपला, म्हणजे उमेदवारीला, लागल्या. त्यांना मिळणारं विद्यावेतन माझ्या मानधनापेक्षा फार मोठं नव्हतं आणि काम रात्री नऊनऊपर्यंत. पण त्यांच्या आयांना कुणी लष्कराच्या भाकऱ्यांची आठवण करून दिली नाही. विद्यावेतन म्हटलं की पुढं काहीतरी आहे असं वाटतं. मानधन म्हटलं की देणारा मान देतो, धनाचं आपण समजून घ्यायचं.

त्याच वर्षी आमच्या वाड्याच्या जिन्यावर बुटांचे आवाज वाढले. २०१३च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ एप्रिल २०१४पासून लागू झालं होतं. ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. मर्यादा म्हणजे नक्त मालमत्ता ५०० कोटी, नाहीतर उलाढाल १००० कोटी, नाहीतर निव्वळ नफा ५ कोटी. तोवर आमच्याकडे देणगी म्हणजे एखाद्या निवृत्त शिक्षिकेनं नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला दिलेले ५००१. आता प्रपोजल लिहायची होती. मला इंग्रजी बऱ्यापैकी येत होतं आणि एक्सेल येत होतं, त्यामुळे वयाच्या विसाव्या वर्षी मी अचानक महत्त्वाची झाले.

पहिल्याच मोठ्या प्रपोजलला एका कंपनीतून उत्तर आलं. वह्या मंजूर, दप्तरं मंजूर, फलक मंजूर (त्यावर कंपनीचं चिन्ह किती मोठं असावं याचं वेगळं पत्र). शिक्षिकांचं मानधन निम्मं. हिशेबनिसाची ओळ लाल रंगानं खोडलेली आणि शेजारी विचारलेलं, हे काम स्वयंसेवकांकडून करून घेता येणार नाही का? गंमत म्हणजे ती सगळी विधानं कुठल्या तरी हिशेबनिसानंच तपासली असणार, पगार घेऊन. काका पत्र वाचून हसले. "दप्तर शिकवतं," ते म्हणाले, "बाई कशाला पाहिजे?"

तेव्हापासून आजवर मी शेकडो अंदाजपत्रकं केली असतील. अनुभव एकच: वस्तूंना पैसा लवकर मिळतो, माणसांना उशिरा. वस्तूचा फोटो निघतो. एखादी शिक्षिका तीन वर्षं टिकून राहिली, तिनं दुसरीकडे जाण्याचं टाळलं, याचा फोटो कसा काढणार? परदेशी देणग्यांच्या कायद्यात सप्टेंबर २०२०मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून थेट २० वर आली. हिशेबनीस त्यात मोडतो. ज्यांना अशी देणगी मिळते त्या प्रत्येक संस्थेला त्यासाठी दिल्लीतल्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या शाखेत खातं उघडावं लागलं, आणि एका संस्थेनं तो पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायचा मार्ग बंद झाला. मोठ्या संस्थांनी कसंबसं निभावलं. मोठ्यांच्या आधारानं चालणाऱ्या छोट्या गावांतल्या छोट्या संस्थांचं जे झालं ते मी फोनवर ऐकलंय; तिथले हिशेबनीस मलाच विचारायचे, आता काय करू म्हणून.

देणाऱ्यांनाच बोल लावणंही खरं नाही. आपल्या घरातही हेच चालतं. बी.कॉम. झाल्यावर मी दुसऱ्या, जरा मोठ्या संस्थेत लागले. तिथं कागदोपत्री कायम एकोणीस कर्मचारी असायचे. विसावा झाला की भविष्यनिर्वाह निधी लागू होतो, म्हणून विसाव्यापासून पुढचे सगळे कर्मचारी नव्हेत, 'सल्लागार'. दहा टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, कापून उरलेले हातात. मी तेवीस वर्षांची सल्लागार होते. पाव्हणेरावळ्यांत आई मोठ्या अभिमानानं सांगायची, पोरगी सल्लागार आहे. मी पगाराचं आणि भविष्यनिर्वाह निधीचं विचारलं तेव्हा तिथले सर दुखावले. रागावले नाहीत, दुखावले. ते जास्त अवघड जातं. "तू सुद्धा?" असं बघितलं त्यांनी. स्वतः त्यांनी तीस वर्षं फार थोड्यात काढली होती, हे खरंच होतं. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत कायम शिक्षिका होत्या, हेही खरंच होतं.

त्या दिवशी भोरच्या मावशीचं वाक्य पुन्हा आठवलं.

हे क्षेत्र वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. तसं असतं तर मी इथं नसते. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेतून २००६पासून तरुणांसाठी 'निर्माण'ची शिबिरं चालतात, त्या शिबिरांतून आलेली कितीतरी मुलं मला कामात भेटली आहेत, आणि 'माझ्या शिक्षणाचं मी काय करू' हा प्रश्न त्यांना कुणीतरी नीट विचारलेला असतो हे लगेच कळतं. माझी खोलीतली मैत्रीण एका मे महिन्यात बाबा आमट्यांनी सुरू केलेल्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला गेली. चंद्रपूरचं ऊन, दगडमाती, आणि आठ दिवसांनी हातांवर फोड घेऊन आली. आमच्या खोलीचं पाणी इतकी वर्षं मी भरत होते, ते त्यानंतर ती भरायला लागली. आता ती बँकेत आहे. छावणी वाया गेली असं मला कधी वाटलं नाही. ज्यांना नीट शिकून यायचंय त्यांच्यासाठी कर्वे समाज सेवा संस्था आहे, मुंबईत आणि तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. पण बी.कॉम.ची मुलगी नुसत्या खतावणीच्या जोरावरही आत शिरू शकते, आणि तिची गरज भाषण करणाऱ्यांपेक्षा कमी नसते. हे मात्र मी सभागृहातही सांगते.

२०२१च्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला. तो पुढच्या एप्रिलपर्यंत ताणला. वडिलांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते आणि पगार बंद. आईची नजर अधू झाली होती, शिवण बंद पडल्यात जमा. मला तेव्हा २२ हजार मिळायचे. एव्हाना मी खऱ्या पगारावर होते, पगारपत्रकासकट. दर महिन्याच्या पाच तारखेला १२ हजार बार्शीला पाठवायचे. वडील डेपोच्या बाहेर मांडवात बसायचे, दुपारी जेवायला घरी यायचे. जानेवारीत मी गेले होते तेव्हा आई ज्वारीचं पीठ मळत होती. वडिलांना वाढताना म्हणाली, "खा. लष्कराच्या हायेत." वडील एवढे हसले की ठसका लागला. मला वाटतं तिच्याकडून झालेलं माझ्या नोकरीचं कौतुक तेवढंच.

यंदा जूनमध्ये आम्ही एका कंपनीला प्रपोजल दिलं. त्यात पहिल्यांदाच मी एक ओळ घातली होती: कॉलेजात शिकणारे चार विद्यार्थी, अर्धवेळ, दरमहा ठरावीक पगार. ओळ परत आली, खोडलेली. शेजारी तीच सूचना, फक्त आता नम्र भाषेत: विद्यार्थ्यांना अनुभवाचं प्रमाणपत्र देता येईल. मी लिहून कळवलं की प्रमाणपत्र खानावळीत चालत नाही. पाठवण्याआधी ते वाक्य काढून टाकलं आणि त्या जागी तासांचा, प्रवासाचा, कामाचा तक्ता जोडला. उत्तर अजून आलेलं नाही.

दरम्यान वाशीमकडची एक मुलगी यायला लागलीये. एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे, व्हाउचरं मन लावून लावते, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. मागच्या आठवड्यात तिला समोर बसवलं. तक्त्यात आकडा घालायचा होता आणि तो मला माझ्या मनानं घालायचा नव्हता.

"खोलीचं भाडं, मेस, जाणं-येणं. महिन्याला किती लागतात तुला?"

तिनं छताकडे बघून बेरीज केली. "साडेसात हजार," म्हणाली. मग माझ्या हातातल्या पेनाकडे बघितलं आणि घाईनं म्हणाली, "पण पाचातही भागतं, ताई. डबा घरून... म्हणजे मामाकडून येतो कधीकधी. पाच लिहिलं तरी चालेल."

मी ७५०० लिहिले. मग विचारलं, "मामा कुठं राहतात?"

"हडपसरला."

"आणि तू?"

"कोथरूड," ती म्हणाली. म्हणजे शहराचं दुसरं टोक. आणि हसली.